चंद्राला कुलूप

कासाब्लांका, ४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

फोनवरून चार शब्द पाठवले तर तू उत्तर देत नाहीस, म्हणून हे रीतसर पत्र. ई-मेलने का असेना. पूर्ण वाक्यं, स्वल्पविराम, सगळं घालून लिहिते आहे. तेतुआनला पूर्वेचा शर्की वारा सुटलाय असं बाबा म्हणत होते. गच्चीवरच्या चादरी जागेवर आहेत ना?

माझं या आठवड्यात काही ठीक नाही. तुला आमचं काम कळणार नाही, पण सोपं करून सांगते. आम्ही कारखान्यांसाठी पाळ्यांचं सॉफ्टवेअर करतो: कोणी कधी यायचं, सुट्टी कधी. त्यातलं सगळं आम्ही स्वतः लिहीत नाही. जगभरच्या लोकांनी लिहून मोकळी ठेवलेली छोटी छोटी पॅकेजं आणून जोडतो. त्या पॅकेजांना आणखी कोणाची तरी पॅकेजं लागतात. तू हरीरा करतेस, पण टोमॅटो आणि मसूर कुठे स्वतः पिकवतेस? तसंच. आता टोमॅटोवाल्याने एका सकाळी न सांगता भलताच टोमॅटो दिला तर?

आमच्यात 'हिलाल' नावाचं एक पॅकेज आहे, हिजरी तारखा सांगणारं. त्याची नवी आवृत्ती आली की आमच्याकडे आपोआप घेतली जायची. गेल्या गुरुवारी संध्याकाळी त्याच्या मालकाने शाबान महिन्याची पहिली तारीख अचानक एका दिवसाने अलीकडे आणली. लाराशच्या सार्डिनच्या कारखान्यात शाबानच्या पहिल्या दिवसापासून नव्या पाळ्या सुरू होणार होत्या. अर्ध्या बायका शुक्रवारी आल्या, अर्ध्या शनिवारी. मासे काही कोणासाठी थांबत नाहीत. आमचे मॅनेजर सी मुराद सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडले.

त्या मालकाचं नाव म्हणून फक्त एक अक्षर आहे: 'ब.' कोणीतरी विक्षिप्त म्हातारा असणार. बदल का केला, त्याचं कारण लिहिलंय: "चंद्र दिसला." एवढंच! जणू काही आम्ही कवितेचे वर्ग चालवतो.

मी ती आवृत्ती लॉक करून टाकली आहे. आता म्हाताऱ्याने काहीही करो, आमच्याकडचं काही बदलणार नाही.

तुझ्या डोक्याचा मुका घेते.
उम्निया


तेतुआन, शाबानचा पहिला आठवडा

उम्निया,

म्हातारा नव्हे. म्हातारी.

'ब.' म्हणजे बतूल. तुझ्या बापाची थोरली बहीण, जी वीजमंडळात बिलांवर शिक्के मारत होती असं तुझ्या घरात सांगत असावेत. मी संगणक विभागात होते. तुझा बाप गोट्या खेळत होता तेव्हा मी रबातला जाऊन हे काम शिकून आले. तू जी पॅकेजं जोडतेस, तसली आम्ही लिहीत होतो, आणि शेजारच्या विभागाने वापरली तर निदान येऊन आभार मानत असे.

स्पॅनिश नन्सच्या शाळेत सोर पिलार म्हणायच्या, "माहीत नसेल तर विचारा. विचारायची लाज वाटत असेल तर गप्प बसा." तू तिसरा मार्ग काढलास. कुलूप लावलंस.

हरीऱ्याचं उदाहरण पुन्हा देऊ नकोस. मसूर कधी भिजत घालतात हे ज्या मुलीला माहीत नाही, तिने मला स्वयंपाकघरातून संगणक शिकवू नये.

आता नीट वाच. आपल्या देशात महिना हिशेबाने सुरू होत नाही, चंद्र डोळ्यांनी दिसल्यावर सुरू होतो. दर महिन्याच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी ठिकठिकाणी माणसं आकाश बघत उभी राहतात, आणि मग रेडिओवर घोषणा होते. मी ती ऐकते, तारीख नोंदवते आणि नवी आवृत्ती काढते. त्याआधी हिलालमध्ये जे असतं तो माझा अंदाज. हिशेबाने केलेला, चांगला, पण अंदाजच.

तू कुलूप लावलंस ते टोमॅटोवाल्याला नाही. चंद्राला लावलंस. आता ईद कधी हे तुमच्या यंत्राला रेडिओ सांगणार नाही; शाबानात बसून केलेला माझा अंदाज सांगेल. त्या अंदाजात रमजान तीस दिवसांचा धरला आहे. तो एकोणतीसचा झाला, तर तुझ्या लाराशच्या बायका ईदच्या सकाळी, पोरांना नवे कपडे चढवायचे सोडून, सार्डिनची डोकी उडवत बसतील.

कुलूप काढ.

बतूल
(विक्षिप्त)


कासाब्लांका, १२ फेब्रुवारी

आत्या,

मी टेबलाखाली लपले होते असं समज. अजून पूर्ण बाहेर आलेले नाही.

ऑफिसात सांगितलं की 'ब.' माझी आत्या आहे, तर कोणाचा विश्वास बसेना. समोरचा बद्र म्हणाला, "आणि माझे आजोबा इंटरनेट." मग तुझं पत्र वाचून दाखवलं. सार्डिनच्या डोक्यांपाशी तो हसायचा थांबला आणि म्हणाला, "हो, आत्याच असणार. असं दुसरं कोणी बोलत नाही."

बाबांना विचारलं, "मला का सांगितलं नाही?" ते म्हणाले, "तू कधी विचारलंस?" तुमच्या घराण्यात हे एकच उत्तर आहे का?

पण कुलूप अगदीच मूर्खपणाचं नव्हतं, हे तुला ऐकावं लागेल. मागच्या वर्षी एका लहानशा पॅकेजच्या मालकाची नवी आवृत्ती सोडायची किल्ली कोणीतरी चोरली आणि त्याच्या नावाने विष भरलेली आवृत्ती सोडली. ज्यांनी ज्यांनी ती आपोआप घेतली, त्या सगळ्यांच्या घरात चोर शिरला. तेव्हापासून सी मुरादचा नियम आहे: बाहेरचं काहीही तपासल्याशिवाय बदलायचं नाही. हिलाल तेवढं माझ्या नजरेतून सुटलं होतं, म्हणूनच ते ओरडले. नियम चांगला आहे. फक्त चंद्राला लागू पडत नाही. मी बोलते त्यांच्याशी.

आणि तुझ्या पत्रातली अक्षरं एवढी मोठी का गं? एक ओळ वाचायला मान फिरवावी लागते. एवढी रागावलीस?

उम्निया


तेतुआन, शाबान संपत आला

उम्निया,

अक्षरं रागाची नाहीत. राग वेगळा आहे आणि तो लहान अक्षरांतही मावतो.

मोतीबिंदू आहे. डावा डोळा केव्हाच नावापुरता उरलाय, आता उजव्यानेही मान टाकली. मागच्या महिन्यात आकडा भरताना पडद्याला नाक लावून बसले होते. शेजारची हनिया आत आली आणि म्हणाली, "लल्ला बतूल, त्याचा मुका घेताय की काय?" डॉक्टर रमजानच्या शेवटच्या आठवड्यात उजवा डोळा करणार आहे. ईदनंतर तो लेकीकडे फ्रान्सला जातोय आणि मला त्याच्याशिवाय कोणाचा हात डोळ्यात नकोय. म्हणजे एकोणतिसाव्या संध्याकाळी माझ्या डोळ्यावर पट्टी असेल.

काळजी करू नकोस, सोय झाली आहे. इलियास नावाचे एक गृहस्थ काही महिन्यांपासून मला लिहीत असतात. हिलालमधल्या दोन चुका त्यांनीच दाखवल्या, अतिशय अदबीने. शुद्ध अरबी, अर्धविराम योग्य जागी. ते म्हणाले, "लल्ला, आपण खूप केलंत. आता हे ओझं माझ्याकडे द्या." इतक्या वर्षांत मला सगळ्या जगातून तक्रारी आल्या, फर्मानं आली, "अजून का झालं नाही" असे खडसावणारे निरोप आले. आपण खूप केलंत असं म्हणणारा हा पहिलाच.

पुढच्या आठवड्यात किल्ली त्यांना देते आहे.

रमजान मुबारक, आगाऊच.
बतूल


कासाब्लांका, २८ फेब्रुवारी

आत्या, देऊ नकोस!

घाईत लिहिते आहे, स्वल्पविरामांची हमी नाही. हे अगदी असंच करतात. आधी दोन खऱ्या चुका दाखवतात, मग गोड बोलतात, मग थकलेल्या माणसाला म्हणतात, ओझं माझ्याकडे द्या. आणि किल्ली हातात आली की हिलाल वापरणाऱ्या प्रत्येकाच्या घराची किल्ली त्यांच्याकडे जाते. तू याला भेटलीस का? आवाज ऐकलास? कोणत्या गावचा आहे? कोणी ओळखतं का त्याला?

अनोळखी माणसाला दिवाणखान्यातसुद्धा बसवत नाहीस तू. कृपा करून देऊ नकोस.

आणि शस्त्रक्रियेचं आम्हाला सांगितलं का नाहीस?

उम्निया


तेतुआन, रमजानचा पहिला आठवडा

उम्निया,

तू कधी विचारलंस?

उपास आहे, त्यामुळे सौम्य लिहिते आहे.

तुझं पत्र आल्यावर मला कळलं की माझ्याभोवती शहाण्या माणसांची गर्दी आहे. तुझा बाप म्हणाला, देऊ नकोस. तू म्हणालीस, देऊ नकोस. हनियाला यातलं काही कळत नाही, तरी तीसुद्धा म्हणाली, परक्याला कशाला? कोणाला देऊ नये ते सगळे सांगतात. कोण घेणार, ते कोणी सांगत नाही.

माझ्याकडे कितीजण जेवतात ते मला माहीत नाही, कारण कोणी आत येऊन सलाम करत नाही; मागच्या दाराने ताट उचलतात. मला त्याचं दुःख नाही. मी ते वाढूनच ठेवलं होतं. पण आता मला दिसत नाही, आणि ज्यांनी आयुष्यभर ताट उचललं ते मला सांगतात की वाढपी नीट पारखून नेम.

तू, माझ्या भावाची मुलगी, याच कामावर पगार घेणारी. एका पत्रात मला टोमॅटो शिकवलेस, दुसऱ्यात चोर शिकवलास. "आत्या, मी करू का?" एवढं एक वाक्य मात्र तुझ्या कीबोर्डवर नव्हतं.

इलियाससाहेबांचं काय करायचं ते मी बघेन.

बतूल


कासाब्लांका, ९ मार्च

आत्या,

तीन वेळा हे पत्र लिहून पुसलं.

आत्या, मी करू का?

हे आधी का म्हणाले नाही ते सांगते. मला भीती वाटली. पाळ्यांचं सॉफ्टवेअर बिघडलं तर सी मुराद ओरडतात, पण ते एकटे. हिलाल बिघडलं तर कोण कोण ओरडेल याची यादीच नाही. तू हे एकटीने, बिनपगारी, दर महिन्याला करत होतीस, आणि मला हे पगार घेऊन, दहा जणांबरोबर बसूनही जड जातं. मला वाटलं, आत्याला सल्ला देणं सोपं आहे.

आणखी एक. कुलूप अजून तसंच आहे. मी तुला म्हटलं होतं बोलते, आणि बोलले नाही. दोनदा सी मुरादच्या दारापर्यंत जाऊन परत आले. उद्या जाते.

शनिवारी बाबांनी इफ्तारला तुझी आठवण काढली. म्हणाले, "लहानपणी वीज गेली की मोहल्ल्यातली पोरं बतूलला शिव्या द्यायची, जणू दिवे तीच विझवायची. ती खिडकी उघडून त्यांचं व्याकरण सुधारायची."

तुझी,
उम्निया


तेतुआन, रमजान अर्धा सरला

उम्निया,

शिव्यांमध्येही क्रियापद नीट असावं, हे माझं मत आजही कायम आहे.

इलियाससाहेबांना मी एकच प्रश्न विचारला: एकोणतिसाव्या संध्याकाळी तुम्ही काय करता? त्यांनी लगेच उत्तर पाठवलं. "लल्ला, आता त्याची गरजच नाही. सूत्र पुरेसं आहे. पुढच्या दहा वर्षांच्या तारखा मी एकाच बैठकीत भरून टाकीन, म्हणजे कोणालाच तसदी नको."

हा माणूस चोर आहे की नाही, मला माहीत नाही. कदाचित अगदी सज्जन असेल. पण ज्याला वाट बघायचीच नाही, त्याने हिलाल घेऊन काय करायचं? दहा वर्षांचा चंद्र एका बैठकीत! मी त्यांचे आभार मानले, अर्धविरामांची तारीफ केली आणि नाही म्हणून कळवलं. तेव्हापासून त्यांचं पत्र नाही.

आता तोच प्रश्न तुला. एकोणतिसाव्या संध्याकाळी तू काय करतेस?

बतूल


कासाब्लांका, १८ मार्च

आत्या,

काहीच करत नाही. एकोणतिसावी संध्याकाळ कधी असते, तेच मला ठाऊक नसतं. दुसऱ्या दिवशी कोणीतरी सांगतं.

शिकव.

उम्निया


तेतुआन, शस्त्रक्रियेच्या आधी

उम्निया,

हे बरोबर उत्तर.

किल्ली तुझ्या बापाच्या हातून पाठवते आहे; चोर आणि ई-मेल यांविषयी तू जे लिहिलंस ते मी ऐकलं नाही असं समजू नकोस.

करायचं ते एवढंच. सूर्य बुडायच्या आधी बाहेर जा आणि पश्चिमेकडे बघ. कासाब्लांकाच्या धुरात तुला काही दिसणार नाही, तरी जा. आपण ज्याची तारीख लिहितो त्याच्याकडे एकदा तरी बघावं. मग रेडिओ. घोषणा पूर्ण ऐकायची, शेवटच्या वाक्यापर्यंत. शेजारच्या देशांत आधी चंद्र दिसेल, लोक तुला घाई करतील, नालायक म्हणतील. बोटं मांडीवर ठेवायची. आपली घोषणा झाल्याशिवाय कीबोर्डला हात लावायचा नाही. मग तारीख भरायची, दोनदा वाचायची आणि सोडायची.

चुकलीस तर दुरुस्त करून पुन्हा सोड. मी दोनदा चुकले आहे. जग बुडालं नाही, फक्त मला सुदानमधून एक अतिशय सुंदर शिवी आली.

मला फोन करू नकोस. त्या संध्याकाळी मी पट्टी बांधून पडलेली असेन आणि तुला मदत करण्याच्या मोहात पडेन.

बतूल


कासाब्लांका, ईदची सकाळ

आत्या, ईद मुबारक.

हे लल्ला हनिया तुला वाचून दाखवेल. लल्ला हनिया, शिव्या आल्या तर गाळू नका, आत्याला कळतं.

परवा रात्रीपासूनच निरोप यायला लागले. आखाती देशांत चंद्र दिसला होता. "तुमचं पॅकेज मेलं का?" "रविवारी ईद, तुम्ही झोपलात का?" एकाने लिहिलं, "या 'ब.' बाईंना कोणीतरी उठवा." मी बोटं मांडीवर ठेवली.

काल संध्याकाळी ऑफिसच्या गच्चीवर गेले. बद्रही आला, म्हणाला, "आजोबा इंटरनेटच्या वतीने." पश्चिमेला समुद्रावर ढगांची लांब पट्टी होती. काही दिसलं नाही. आम्ही खजूर खाऊन उपास सोडला, खाली आलो, रेडिओ लावला. त्या माणसाने किती सावकाश वाचलं आत्या! गावांची, पथकांची नावं, दुआ, मग पुन्हा दुआ. आणि शेवटी, चंद्र दिसल्याचं सिद्ध झालं आहे, उद्या सोमवार, शव्वालचा पहिला दिवस, ईद.

एकोणतीसच.

तारीख भरली. दोनदा वाचली. बद्रने तिसऱ्यांदा वाचली. बदलाचं कारण लिहायच्या जागी काय लिहू ते कळेना, मग तुझेच शब्द लिहिले. सोडली.

आणि मग सी मुरादना फोन केला. कुलूप अजून होतं. दहा तारखेला मी खरंच त्यांच्या खोलीत गेले होते, ते म्हणाले होते, "ईदनंतर बघू."

मी म्हटलं, "सी मुराद, उद्या ईद आहे."

"रेडिओ मीही ऐकतो, उम्निया."

"आपल्या सॉफ्टवेअरने ऐकलेला नाही. त्याच्या मते ईद परवा आहे. लाराशच्या बायकांना उद्या सकाळची पाळी लागली आहे."

मागे त्यांची मुलं पिपाण्या वाजवत होती. मग म्हणाले, "हे तू मला आधी सांगितलं होतंस."

"हो."

"मी काय म्हणालो होतो?"

"ईदनंतर बघू."

"काढ ते कुलूप," ते म्हणाले, "आणि प्रत्येकीला निरोप जाईपर्यंत जागेवरून उठू नकोस. मीही येतो."

ते चुरगळलेल्या जेलाबा झग्यात आले. ज्या बायकांचे निरोप पोहोचल्याचं दिसत नव्हतं, त्यांना आम्ही तिघांनी फोन केले. एक आजीबाई सी मुरादवर खेकसल्या, "ईद आहे ते मला कळतं, मी काय आंधळी आहे? मी तशीही येणार नव्हते." त्यांनी माफी मागितली. मी त्यांना माफी मागताना पहिल्यांदा ऐकलं.

आता एक विचारायचं आहे, नाही म्हणालीस तरी चालेल. हिलालचे दोन भाग करू या का? हिशेबाचा भाग वेगळा. तो लोकांनी हवा तेवढा लॉक करावा, तपासून मगच बदलावा. आणि घोषणांची नुसती तारखांची यादी वेगळी, ती सगळ्यांना दर महिन्याला ताजी मिळेल. तारखांच्या यादीत विष मावत नाही. म्हणजे दार बंद ठेवूनही लोकांना चंद्र दिसेल. सी मुराद म्हणतात, असं असेल तर ते स्वतः आठवड्यातले काही तास मला याच कामासाठी देतील.

डोळा कसा आहे?

तुझी,
उम्निया


तेतुआन, २९ शव्वाल

प्रिय उम्निया,

हे पत्र मी माझ्या डोळ्याने, साध्या आकाराच्या अक्षरांत लिहिते आहे. जग फार स्वच्छ झालं आहे. हनियाच्या चेहऱ्यावर एवढ्या सुरकुत्या आहेत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं, तर ती म्हणाली, "आरशासमोर जा, मग बोला." गेले. आम्ही दोघी आता तो विषय काढत नाही.

तू हिलालचे केलेले दोन भाग वाचले. एका ठिकाणी तू नाव फार लांबलचक दिलं आहेस आणि एक टीप अनावश्यक आहे. बाकी चांगलं आहे. हे मला इतक्या वर्षांत सुचायला हवं होतं. सुचलं नाही.

मालकाच्या नावातून मी माझं अक्षर काढून टाकलं आहे. तक्रार करू नकोस. दोन नावं असली की लोक जास्त दयाळू असेल त्याला लिहितात, आणि ती तू आहेस. मालीहून एकाची तक्रार आली होती, ती तुझ्याकडे वळवली. त्याचं म्हणणं बरोबर आहे, भाषा वाईट आहे. त्यातलं म्हणणं तेवढं घे.

आज संध्याकाळी सवयीने गच्चीवर गेले. रेडिओ खाली राहिला होता. फोन मात्र हातात होता. वाटलं, तुला आठवण करावी, आज एकोणतीस आहे. मग वाटलं, विचारावं तरी, बाहेर गेलीस का. नंबर काढला. परत ठेवला. पुन्हा काढला. सोर पिलारनी माझ्या हातावर पट्टी मारली असती. शेवटी फोन हनियाच्या हातात दिला आणि म्हटलं, मी मागितला तरी देऊ नकोस. ती म्हणाली, "आणि मला करावासा वाटला तर?"

डोंगराच्या वर, केशरी उजेड विझताना, तो दिसला. नखाएवढा. नव्या डोळ्याने इतका बारीक, इतका धारदार, की मी हनियाला हाक मारली, आणि तिला दिसेना, आणि आम्ही त्यावरून भांडलो.

मला तो कुठेही लिहायचा नव्हता. कोणाला कळवायचा नव्हता. मी अंधार पडेपर्यंत नुसती बघत बसले.

तुझी,
बतूल आत्या